अंग इटलीचं, इंजिन जपानचं

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९८५ साली ‘११८ एनई’ बाहेर पडली, तेव्हा तिचं अंग इटलीचं होतं आणि इंजिन जपानचं. चौकोनी, नीटस अंग फियाट १२४ चं, साठच्या दशकात आखलेलं. आत निस्सानचं ११७१ सीसीचं ए-१२ इंजिन आणि त्याला जोडून निस्सानचाच गिअरबॉक्स. तिकडे हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसाचीही हीच कथा. व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या गाडीचं रुंद, देखणं अंग. पण १९८४ साली ती आली तेव्हा आत होतं १४८९ सीसीचं, पन्नासेक अश्वशक्तीचं जुनं इंजिन. एवढी मोठी गाडी त्याला ओढवेना. पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं, ८८ अश्वशक्तीचं इंजिन बसलं, तेव्हा कुठे ती आपल्या रूपाला शोभेल अशी धावू लागली. खुद्द प्रीमियर पद्मिनीतही नंतर इटलीहून आणलेलं डिझेल इंजिन घालून ‘१३७ डी’ निघाली. गाडी मुळापासून आखायला पैसा नव्हता, परवाने नव्हते, पण जुन्या अंगात नवा जीव घालायचं कसब होतं. माझ्या पिढीने रस्त्यावर पाहिलेल्या कितीतरी गाड्या म्हणजे अशा जमवून आणलेल्या सोयरिकी होत्या.

इंजिन बदलायचं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आधी ताकद येते. किती सीसी, किती अश्वशक्ती, किती सेकंदांत शंभरचा वेग. माझ्या मनात येतं ते इंजिनाच्या भोवतीचं सगळं. ते ज्यावर टेकतं ते रबरी फाउंडेशन, त्याला थंड ठेवणारा रेडिएटर, त्याची ताकद चाकांपर्यंत नेणारा शाफ्ट, आणि ती ताकद थांबवणारे ब्रेक. इंजिन विकत मिळतं, एका दिवसात घरी आणता येतं. उरलेल्या गाडीला त्याच्या लायक करायला महिने जातात. हे मी बाबांकडून शिकले, लालबागच्या आमच्या चाळीच्या चौकात, बॉनेटखाली बॅटरीचा उजेड धरून उभी असताना.

बाबा गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप रीतसर संपलाच नाही, आणि त्यांच्यासारख्या हजारोंचे हात एकाएकी मोकळे झाले. काहींनी भाजीची गाडी लावली, काही गावी गेले. बाबा परळ-लालबागच्या गल्ल्यांत टॅक्सी दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताखाली गेले. वयाच्या चाळिशीत, मिसरूड फुटलेल्या पोरांसोबत, नवं काम शिकायला. पण लोखंड त्यांना नवं नव्हतं. गिरणीत त्यांनी रिंग फ्रेम बसवल्या होत्या. एकेका फ्रेमवर शेकडो चात्या मिनिटाला हजारो फेरे घेत असतात. फ्रेम पातळीत नसेल, शाफ्ट सुताला धरून नसेल, तर धागा तुटत राहतो आणि बेअरिंग खाल्लं जातं. सूत ताणून, लेव्हल लावून, पत्र्याच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या पायाखाली सरकवत ते यंत्र जागेवर आणायचे. टॅक्सीच्या धंद्यात पडल्यावर त्यांनी पाने नवे घेतले, पण सूत आणि लेव्हल गिरणीतलीच राहिली.

आमच्या मामांची फियाट गिरगावात, खेतवाडीच्या एका गल्लीत उभी असायची. आम्ही सगळे तिला फियाटच म्हणायचो, बॉनेटवर पद्मिनी लिहिलेलं असलं तरी. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्याला हाताचा गिअर. मुंबईत ती गाडी राजेशाही होती. पण दर उन्हाळ्यात मामा गावी निघाले की बोरघाटात तिचा जीव जायचा. तेव्हा घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाटींची रांग असायची, प्रत्येकीच्या रेडिएटरवर ओलं फडकं आणि शेजारी पाण्याचा डबा घेतलेला माणूस. मामांच्या गाडीचं इंजिन तोवर एकदा बोअर करून झालं होतं. निळा धूर पुन्हा सुरू झाला तेव्हा बाबा म्हणाले, “आता यात पैसे घालू नका.” मामा म्हणाले, “भाऊजी, मग गाडी विकू?” बाबांनी मान हलवली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारात त्यांनी एक ११८ एनई पाहून ठेवली होती. मागून ठोकलेली, डिकी आत गेलेली, पण पुढचा भाग शाबूत. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र मिळणार होते.

ते इंजिन टेंपोतून चाळीत आलं त्या दिवशी बाबांनी पान्याला हात लावला नाही. ते मापं घेत बसले. जुन्या इंजिनाची लांबी, नव्याची लांबी, क्रँकची उंची, फाउंडेशनच्या भोकांमधलं अंतर, पंख्यापासून रेडिएटरपर्यंतची जागा. माझ्या जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर त्यांनी गाडीचं पोट काढलं, वरून आणि बाजूने. मे महिना होता. चौकात पोरं क्रिकेट खेळत होती, चेंडू गाडीखाली जात होता, आणि बाबा त्या गलक्यात डोळे बारीक करून मिलिमीटर मोजत होते.

जुनं इंजिन उतरवणं हे काम एका रविवारी झालं. बॅटरीच्या वायरी सोडल्या. रेडिएटरचं पाणी, चेंबरमधलं तेल काढलं. बॉनेट काढण्याआधी बिजागरीच्या कडेने खिळ्याने रेघ ओढली, परत बसवताना शोधावं लागू नये म्हणून. प्रत्येक जागचे नटबोल्ट वेगळ्या डब्यात, डब्यावर खडूने नाव. हे डबे सांभाळायचं काम माझं आणि दादाचं. मंडळाच्या मुलांनी तीन जाड पाइपांची तिवई उभी केली, तिला चेनपुली अडकवली. साखळी खडखडत वर जाऊ लागली आणि इंजिन हळूच हललं, तेव्हा तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती. कुणी वरून सूचना देत होतं, कुणी चहा पाठवत होतं. आमच्याकडे ‘घरी’ केलेलं काम असंच असायचं. घर दहा बाय बाराचं, त्यामुळे घराचा बराचसा भाग बाहेरच होता आणि तो सगळ्यांचा होता.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. नवं इंजिन आत उतरवून पाहिलं तर त्याचं तेलाचं चेंबर पुढच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे गाडीच्या आडव्या तुळईला, टेकत होतं. इंजिन वर उचलावं तर बॉनेट बंद होईना. मागे सरकवावं तर गिअरबॉक्स गाडीच्या मधल्या उंचवट्यात अडकत होता. जाड पत्र्याच्या नव्या ब्रॅकेट कापून, लेथवाल्याकडून भोकं पाडून आणून, बाबांनी इंजिन अशा जागी आणलं की चेंबर आणि क्रॉसमेंबर यांच्यामध्ये बोट जाईल. मला वाटलं, झालं. पण ते शाफ्टपाशी अडले.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत प्रोपेलर शाफ्ट जातो आणि त्याच्या टोकांना युनिव्हर्सल जॉइंट म्हणजे क्रॉस असतात. क्रॉस वाकड्या कोनातून फिरतो तेव्हा पुढचा शाफ्ट एका गतीने फिरत असला तरी मागचा प्रत्येक फेऱ्यात थोडा पुढे, थोडा मागे होतो. दुसऱ्या टोकाच्या क्रॉसचा कोन तेवढाच आणि उलट असेल, तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. नसेल, तर ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते आणि काही महिन्यांत क्रॉस तुटतात. म्हणून इंजिन ‘बसलं’ एवढं पुरत नाही, ते मागच्या अ‍ॅक्सलच्या कलाला धरून बसावं लागतं. बाबांनी गिरणीतलं सूत काढलं, गाडीखाली आडवे झाले, आणि गिअरबॉक्सखाली पत्र्याच्या पट्ट्या घालत बसले. एक घालायची, मोजायचं, काढायची, पातळ घालायची. शाफ्ट कापून आखूड करायला, वेल्ड करून बॅलन्स करायला दिला होता. तो येईपर्यंत बाकीचं सगळं जागेवर हवं होतं. मी बॅटरी धरून गाडीशेजारी पालथी पडले होते. त्यांच्या कपाळावरचा घाम कानात जात होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, तसं मी गिरणी सुटल्यापासून पाहिलं नव्हतं.

बाकीच्या गोष्टी मागोमाग आल्या. सायलेन्सरचा पाइप नव्याने वाकवला. स्पीडोमीटरची केबल जोडली, पण गिअर वेगळे असल्यामुळे काटा खोटं बोलायचा. ऑपेरा हाऊसजवळच्या मोटार पार्टच्या दुकानांतून होजपाइप आणि क्लिपा आल्या. हाताचा गिअर गेला आणि निस्सानचा गिअर गाडीच्या तळातून वर आला. त्यासाठी पत्र्याला भोक पाडावं लागलं. पुढच्या सलग सीटवर मामा-मामींच्या मध्ये बसायची माझी जागा त्या दांड्याने घेतली. मला त्याचं वाईट वाटलं होतं.

गाडी सुरू झाली, चौकात पेढे वाटले गेले, आणि मामा किल्ली मागायला लागले. बाबांनी दिली नाही. जुन्या इंजिनाच्या चाळिशीपुढे नव्याची ताकद पन्नाशीच्या वर होती, गाडीला वेग लवकर मिळणार होता, आणि चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक होते. बाबांनी चारही ड्रम लेथवर फिरवून आणले, लायनर बदलले, व्हील सिलिंडरचे रबर बदलले, ब्रेक ऑइल नवं भरलं. मग स्वतः गाडी घेऊन बाबुलनाथाकडून मलबार हिलचा चढ चढले आणि उतरले. चढ चढताना इंजिन काय म्हणतं यापेक्षा उतरताना ब्रेक काय म्हणतात याकडे त्यांचं लक्ष होतं. त्यानंतर किल्ली मामांच्या हातात गेली.

बाबांचे वडीलही गिरणीत होते, साचेखात्यात. आमच्या या भागाने फार मोठं इंजिन बदलणं पाहिलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परळ-लालबागच्या गिरण्या वाफेवर चालायच्या. बॉयलर, प्रचंड चाकाचं वाफेचं इंजिन, आणि त्याच्या चाकावरून जाडजूड दोर वरच्या मजल्यांवर जायचे. प्रत्येक खात्यात छताखालून लाइनशाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्टे खाली यंत्रांवर. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून वीज परळला आली आणि गिरण्यांनी एकेक करून वाफेचं इंजिन सोडलं. पण बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला बदललं ते फक्त इंजिन. विजेची मोठी मोटर आली, आणि छताखालचे शाफ्ट, पट्टे, पुल्या तशाच फिरत राहिल्या, अर्धी ताकद स्वतःच्या घर्षणात खात. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर मिळायला पुढे कित्येक वर्षं गेली. बाबांच्या लहानपणी घरात या पट्ट्यांच्या गोष्टी निघत. कुणाचा हात गेला, कुणाचं धोतर अडकलं. ताकदीचा उगम बदलतो आणि ती वाहून नेणारं जुनंच राहतं, तेव्हा त्याची किंमत त्या दोघांच्या मध्ये उभा असलेला माणूस देतो.

हे सगळं पुन्हा वर आलं ते दादाच्या मुलामुळे. माझा भाचा मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइटजवळ, मोटारींच्याच उद्योगात. त्याच्या घराला गॅरेज आहे आणि त्या गॅरेजमध्ये निस्सानची २४० एसएक्स ही दोन दारांची कूपे आहे. त्या गाडीची हकीकत मला त्याने सांगितली तेव्हा मी हातातलं काम ठेवून ऐकत राहिले. हीच गाडी जपानात सिल्व्हिया या नावाने विकली जायची, आणि १९९१ पासून तिच्यात एसआर-२० डीईटी हे १९९८ सीसीचं टर्बो इंजिन यायचं. अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, २०५ अश्वशक्ती. अमेरिकेत पाठवताना मात्र कंपनीने आत २३८९ सीसीचं, बिनटर्बोचं, लोखंडी ब्लॉकचं इंजिन घातलं. ताकद सुरुवातीला १४०, नंतर १५५. त्याच घराण्यातलं इंजिन निस्सानच्या पिकअप ट्रकमध्येही बसायचं. देखणी, हलकी, चालवायला चपळ गाडी, आणि तिच्या पोटात मालवाहू गाडीचं काळीज. म्हणून गेली तीसेक वर्षं अमेरिकेतली तरुण पोरं जपानातल्या मोडीत निघालेल्या गाड्यांमधून ही टर्बो इंजिनं मागवतात आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बसवतात. मोठं इंजिन काढून लहान बसवायचं आणि ताकद वाढवायची, यात मला अजूनही जादू वाटते.

बाबांना ते कळायला वेळ लागला नाही. भाच्याची शनिवारची रात्र म्हणजे आमची रविवारची सकाळ. बाबा आंघोळ करून, चष्मा पुसून फोनसमोर बसायचे. भाच्याने टर्बो हातात धरून दाखवला: एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पाती, प्रत्येक आपल्या गोगलगाईसारख्या घरात. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एका बाजूचं पातं फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं पातं बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. बाबा म्हणाले, “म्हणजे आपला इकॉनॉमायझर.” गिरणीच्या बॉयलरमागे, धुराडं आणि भट्टी यांच्या मध्ये पाइपांचं जाळं असायचं, बॉयलरला जाणारं पाणी त्यातून फिरवायचे, आणि वाया जाणाऱ्या धुराची ऊब त्या पाण्यात उतरायची. कोळसा वाचायचा. टर्बोची युक्ती त्याहून पुढची आहे, पण विचार तोच. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं, ती जहाजांच्या डिझेल इंजिनांवर नीट चालायला १९२५ च्या आसपासचा काळ उजाडला, आणि अमेरिकेत ती पेट्रोलच्या मोटारीत विक्रीला आली १९६२ साली. धुराड्यातून निघून जाणाऱ्या गोष्टीकडे पाहून कुणालातरी वाटलं की हिच्यात अजून काम शिल्लक आहे. ज्या भागात आम्ही वाढलो तिथे चिंधीतून गोधडी आणि भंगारातून गाडी उभी राहायची; ब्यूशीचं डोकं आम्हाला परकं वाटण्याचं कारण नाही.

पण टर्बोच्या मागण्या फार असतात, आणि त्या ऐकताना बाबा सावरून बसले. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि तो तरंगतो तेलाच्या पातळ थरावर. तेल क्षणभर अडलं तर दांडा गेला. म्हणून इंजिनातून त्याला तेलाची स्वतंत्र नळी, आणि ते तेल परत चेंबरमध्ये निथळायला दुसरी, जाड, उतरती. शेजारी धुराचं घर लालबुंद तापतं. लांब पल्ला धावून आल्यावर गाडी लगेच बंद केली तर आतलं थांबलेलं तेल त्या उष्णतेत जळून कोळसा होतं. म्हणून टर्बो डिझेल चालवणारे जुने ड्रायव्हर इंजिन मिनिटभर तसंच चालू ठेवून मग किल्ली फिरवतात. दाबलेली हवा स्वतःच तापते, तापलेली हवा विरळ होते आणि इंजिनात वेळेआधी स्फोट घडवते, म्हणून तिला थंड करायला पुढे इंटरकूलर हवा. शिवाय टर्बोचं इंजिन आतून वेगळं असतं. भाच्याच्या या इंजिनाचं कॉम्प्रेशन ८.५ ला १, मुद्दाम कमी ठेवलेलं, कारण हवा आधीच दाबून येणार असते. साध्या इंजिनावर नुसता टर्बो लटकवून पाहणाऱ्यांचे पिस्टन फुटतात ते इथे.

तेलाच्या नळीच्या जोडावर तांब्याचे वायसर होते. भाच्याने ते नवे मागवले होते. बाबांनी तरी त्याला सांगितलं, की नवे नसतील तेव्हा जुना वायसर चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात टाकायचा. तांबं मऊ होतं, पुन्हा नीट बसतं. पोलाद असं विझवलं तर कडक होतं, तांबं उलट. भाच्याला हे पुस्तकातून माहीत होतं. आजोबांच्या तोंडून ऐकताना तो गप्प बसून राहिला. “बाळा, फाउंडेशनचे बोल्ट आधी बोटाने लाव. चारही पकडले की मगच पाना,” बाबा म्हणाले. त्याने फोन उभा करून ठेवला आणि तसंच केलं.

बाबांच्या वाट्याला आलेलं एक अवघड काम मात्र त्याला सोपं गेलं. ज्या अंगासाठी ते इंजिन मुळात जपानात आखलेलं होतं त्याच अंगात ते जात होतं. क्रॉसमेंबरची जागा बरोबर, गिअरबॉक्सची जागा बरोबर, शाफ्टचा कोन कारखान्यातच ठरलेला. मामांच्या फियाटीपाशी बाबांना जे सुतावर शोधावं लागलं, ते इथे आपोआप जुळलं. आणि जे बाबांकडे नव्हतंच ते इथे डोंगराएवढं होतं: वायरिंग. आमच्या फियाटीत कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर, पॉइंट. इंजिनाला जगाशी बोलायला मोजक्या वायरी पुरत. या इंजिनाला कॉम्प्युटर सांगतो किती पेट्रोल, कधी ठिणगी. आणि त्याला हवेची, पाण्याची, क्रँकच्या जागेची खबर दर क्षणी लागते. जपानी इंजिनाच्या वायरी अमेरिकेत विकलेल्या गाडीच्या वायरींना जोडायच्या, एकेक रंग तपासत. भाच्याच्या कित्येक रात्री त्यात गेल्या. बाबा त्या वेळी फारसं बोलत नसत. पण एकदा त्यांनी विचारलं, “डब्यांवर नावं घातलीस का?” भाच्याने कॅमेरा फिरवला. प्रत्येक वायरीच्या टोकाला पांढरी पट्टी होती, पट्टीवर अक्षर. दादाने लहानपणी त्याला शिकवलं असणार.

मला विचाराल तर हे काम आज मुंबईत होणं जवळजवळ अशक्य आहे, आणि त्याचं मला मनापासून दुःख आहे. चाळीच्या जागी इमारत उभी राहिली. पार्किंगचे पाच मजले आहेत, स्वच्छ, उजेडाचे, आणि तिथे गाडीचं चाक काढायलाही मनाई आहे. तेल सांडतं, आगीची भीती असते. नियमामागची कारणं मला समजतात. कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळं होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठाम सांगितलं. त्याच जातीचं इंजिन बदलून आरसीवर नंबर चढवून घेणं वेगळं. ताकदवान, वेगळ्या घराण्याचं टर्बो इंजिन घालून गाडी रस्त्यावर आणणं वेगळं. या शहरातल्या गर्दीच्या रस्त्यांवर, शाळा सुटायच्या वेळी, कच्च्या हाताने दुप्पट ताकद घातलेली गाडी मलाही नको आहे. पण शिकायची जागाच नसेल तर हात पक्का कुठे होणार? एखादी बंद शेड, चार अनुभवी फिटर, आणि रस्त्यावर न येणाऱ्या गाड्या, एवढं तरी या गिरण्यांच्या जमिनींवर कुणीतरी ठेवायला हवं होतं. शेकडो एकर जमीन होती. इथल्या माणसांकडे होतं ते कसब त्या जमिनीइतकंच मोलाचं होतं, आणि त्याचा सातबारा कुणी केला नाही.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षं ठरलेलं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी या शहराच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. तिच्या आधीच्या कितीतरी टॅक्सींनी पेट्रोल, मग डिझेल, मग सीएनजी असे जन्म पाहिले. सीएनजीची टाकी डिकीत बसली तेव्हा प्रवाशांचं सामान टपावरच्या कॅरिअरवर गेलं; कित्येक वर्षं दादर स्टेशनबाहेर गावच्या बॅगा अशा टपावर बांधल्या जायच्या. तिथेही इंधन बदललं आणि बाकीच्या गाडीने सरकून जागा करून दिली. वर्तमानपत्रातला तो निरोपाचा फोटो बाबांनी बराच वेळ पाहिला आणि मग त्यांना आठवली ती त्या इंजिनातली एक खोड: डायनामोचा पट्टा कुठल्या बाजूला जास्त झिजायचा.

भाच्याचं टर्बो इंजिन सुरू झालं त्या सकाळी घरात आम्ही सगळे फोनभोवती होतो. आधी नुसता स्टार्टर, तेल सगळीकडे पोचेपर्यंत. मग ठिणगी जोडली. आवाज फोनमधून फाटका येत होता, तरी इंजिन एका लयीत लागल्याचं बाबांना कळलं; त्यांचा हात मांडीवर ठेका धरू लागला. दादाने टाळी वाजवली. भाचा घामाने आणि ग्रीसने माखलेला, हसत होता. मी विचारलं, “आता फेरी मारणार?”

त्याच्याऐवजी बाबा बोलले. “ब्रेक कुठले घातलेस?”

भाचा म्हणाला, “आजोबा, मूळचेच आहेत अजून. निस्सानच्याच थ्री हंड्रेड झेडएक्सचे मोठे ब्रेक याला बसतात, चार पिस्टनचे कॅलिपर. पण त्यासाठी हब बदलावे लागतात, चार बोल्टचे पाच बोल्टचे करायचे. मागवलेत.”

“कधी येतील?”

“दोन आठवडे.”

“मग गाडी कुठे उभी आहे?”

त्याने फोन खाली नेला. चारही चाकं काढलेली होती, गाडी स्टँडवर होती. बाबांनी समाधानाने चष्मा काढला आणि मला म्हणाले, “त्याला विचार, मागची ब्रेकची नळी पण बदलणार आहे ना. तीस वर्षांपूर्वीचं रबर असेल ते.”